उदास, उदासीन आणि ‘करमत नाही’: कुठे काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय की एका ताईंचा नवरा लखनौचा, मराठी बऱ्यापैकी बोलतो, आणि सासूबाई महिनाभर राहून गावी परत गेल्यावर त्याने त्यांना मेसेज टाकला, "आई, तुम्ही गेल्यापासून घरात सगळे उदासीन आहेत." आईंनी तो वाचून लगेच लेकीला फोन लावला की म्हणजे मी गेल्याचं तुम्हाला कुणाला काहीच नाही का गं? आता जावईबापू विचारतायत की हिंदीत उदास, मराठीतही उदास, मग शेवटी ‘ईन’ लावून जरा शुद्ध केलं तर बिघडलं काय. आणि उदास, खिन्न, निराश, नाराज यातलं कधी काय वापरायचं.

मी भाषांतराचं काम करते, त्यातलं बरंचसं दवाखान्यांसाठी आणि आरोग्याच्या सर्व्हेंसाठी असतं, त्यामुळे या शब्दांशी माझी जुनी झटापट आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी जावयाचं काम मिटवू. त्यांनी लिहायला हवं होतं "तुम्ही गेल्यापासून आम्हाला करमतच नाहीये". बास. कुठल्याही मराठी सासूला यापुढे काही सांगावं लागत नाही, उलट ती पुढच्या महिन्याचं तिकीट बघायला लागेल (ते परवडत असेल तरच लिहा). उदास लिहिलं असतं तरी चाललं असतं, "घर उदास वाटतंय" असं. पण उदासीन म्हणजे आजच्या मराठीत ज्याला कशाचं सोयरसुतक नाही तो. पेपरात रोज वाचतो आपण, मतदारांची उदासीनता, रस्त्यांच्या बाबतीत प्रशासन उदासीन, तिथे प्रशासन खिडकीत बसून उसासे टाकतंय असं कुणालाच वाटत नाही, त्यांना पडलेली नाही एवढाच अर्थ. म्हणजे आईंचा राग अगदी बरोबर होता.

पण गंमत अशी की जावई व्याकरणाने चुकला तरी इतिहासाने फार चुकलेला नाही, कारण हे दोन्ही शब्द एकाच घरातले. मूळ धातू आस्, म्हणजे बसणं. आसन त्यातूनच, उपासना पण त्यातूनच, म्हणजे जवळ जाऊन बसणं. आणि उद् लावून उदासीन, म्हणजे जो बाजूला, अलिप्त बसलाय. त्यात रडू नाही, सुस्कारा नाही, मुळात वाईट असं काही नाहीच. गीतेच्या बाराव्या अध्यायात देवाला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगितलीयत, तिथे सोळाव्या श्लोकात "अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः" असं आहे. बघा, उदासीनच्या अगदी शेजारी गतव्यथ बसलाय, ज्याची व्यथा गेली आहे तो. राजकारणाच्या जुन्या ग्रंथांतही शत्रू, मित्र, मध्यम आणि उदासीन असे राजे असतात, तिथे उदासीन म्हणजे या भांडणात न पडलेला. आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थात येणाऱ्या आखाड्यांत बडा उदासीन आणि नया उदासीन असे दोन आखाडे आहेत, त्यांची परंपरा गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्यापर्यंत नेतात, ते काही दुःखी लोकांचे आखाडे नव्हेत. नानकांच्या दूरदूरच्या यात्रांनाही उदासी असाच शब्द आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तुकोबांच्या ओळीत. "जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी." शाळेत फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेली असते, आणि अर्थ विचारला की अर्ध्या वर्गाला वाटतं की पैसे चांगल्या मार्गाने कमवा आणि मग खर्च करताना तोंड पाडून खर्च करा. (महिन्याअखेरीला बघितलं तर हा अर्थ फारसा चुकीचा वाटत नाही, पण असो.) तुकोबांचा उदास म्हणजे गुंतून न पडलेला. पैसा मिळवताना सचोटी ठेव आणि देताना हात आखडू नको, त्याचा मोह नको. म्हणजे त्या काळात नुसता ‘उदास’सुद्धा अलिप्त या अर्थाने सर्रास चालत होता, आणि आजही जुन्या पिढीतलं कुणी "तो संसाराविषयी उदास आहे" म्हणालं तर त्याचा अर्थ बायकोशी भांडण झालंय असा नसतो, त्याचं मन संसारातून उठलंय असा असतो.

मग अलिप्तचा दुःखी कसा झाला? मला वाटतं हे बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेतून झालं असावं. ज्याचं कशात मन नाही असा माणूस बाहेरून कसा दिसतो, गप्प, जेवणात लक्ष नाही, हाक मारली तर उशिरा ओ देतो. तो विरक्त आहे की आतून खचलाय हे लांबून कळत नाही, आणि संतांपेक्षा खचलेली माणसंच आपल्याला जास्त भेटतात, तर शब्द तिकडे सरकला. हा माझा अंदाज, पण सरकला हे नक्की, आणि हिंदी, गुजराती, उर्दूतही उदास आज खिन्नच आहे. आपल्याकडे हळूहळू वाटणी झाली, उदासने मनःस्थिती घेतली आणि उदासीनने बेफिकिरी. ओळखायची सोपी खूण सांगते. शब्दाच्या आधी "च्या बाबतीत" किंवा "विषयी" बसत असेल तर उदासीन, आणि नंतर "वाटतंय" बसत असेल तर उदास. पाणीप्रश्नाबाबत उदासीन, आज उदास वाटतंय. "मला उदासीन वाटतंय" असं हल्ली बऱ्याच अनुवादित लेखांमध्ये दिसतं, माझ्या हातात आलं तर मी ते खोडते.

आता उदासचा आजचा स्वभाव. त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे त्याला कारण लागत नाही. दुःखी म्हटलं की समोरचा विचारतो काय झालं. नाराज म्हटलं की विचारतो कुणावर. निराश म्हटलं की काहीतरी अपेक्षा होती आणि ती फसली हे गृहीतच धरलं जातं, निकाल, नोकरी, स्थळ, काहीतरी. उदासला यातलं काही नको, "काही नाही गं, उगाच उदास वाटतंय" हे वाक्य पूर्ण आहे, त्यातला उगाच हा त्याचा सख्खा भाऊच म्हणा. "उगाच नाराज वाटतंय" कुणी म्हणेल का? नाही म्हणणार.

गणपती गेल्यानंतरचं घर आठवा. विसर्जन करून सगळे परत येतात, वाळू ठेवलेला रिकामा पाट परत मखरात ठेवतात, आरती होते पण आवाज खाली आलेला, समोर काही नाही, लाईटची माळ अजून लुकलुकतेय आणि कुणालाच ती बंद करायला उठावंसं वाटत नाही. त्या वेळी घरातलं कुणी दुःखी नसतं, वाईट काही घडलेलंच नाही, सगळं छान पार पडलंय, खिरापत हातावर आहे. पण उदास असतं. तिथे दुसरा कुठलाही शब्द घालून बघा, बसत नाही. आणि अजून एक बघा, तिथे माणसं उदास असतात की घर उदास असतं की संध्याकाळ, हे सांगता येत नाही, आणि मराठीला ते सांगायची गरजही पडत नाही. "उदास वाटतंय" यात कर्ताच नाही. कातरवेळ उदास, पावसाळी दुपार उदास, सुट्टीतलं कॉलेज उदास, सगळं चालतं. दुःखी दुपार चालत नाही.

यावरूनच बोलण्याची एक गोष्ट, जी बाहेरून मराठी शिकणाऱ्यांना पुस्तकात सापडत नाही. स्वतःबद्दल बोलताना आपण "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाही, ते नाटकातल्यासारखं वाटतं, आपण "मला उदास वाटतंय" म्हणतो. दुसऱ्याबद्दल मात्र "ती हल्ली उदास असते", "असा उदास का बसलायस" हे अगदी रोजचं. म्हणजे आपलं उदासपण हे आपल्याला वाटतं, येऊन जातं, आणि दुसऱ्याचं आपल्याला दिसतं. जावयांनी ‘मैं उदास हूँ’चं सरळ मराठी करू नये ते यासाठी. बाकी शब्द वापरायला सोपा आहे, लिंग वचन काही बघावं लागत नाही, उदास मुलगा, उदास मुलगी, उदास डोळे. पण ‘वाणा’ लावला की बदलतो, उदासवाणा दिवस, उदासवाणी संध्याकाळ, उदासवाणं हसू, केविलवाणा आणि दीनवाणा यांच्या पंगतीतला. माझ्या कानाला उदासवाणा हा जरा जास्तच वाङ्मयीन लागतो, पत्रात एखादा चालेल, एका पानात दोन आले की वाचणारा उठून जातो.

खिन्न आणि विषण्ण हे दोघे लिखाणातले. खिन्न हा खिद् धातूचा, खेद त्याचाच, म्हणजे त्यात थकल्याची छटा आहे, आणि त्याला सहसा निमित्त लागतं, काहीतरी पाहिलं, ऐकलं, वाचलं आणि मन खिन्न झालं. विषण्ण त्याहून जड. त्याची गंमत म्हणजे विषण्ण आणि प्रसन्न हे एकाच धातूचे, सद्, तोही बसण्याचाच, जसे विषाद आणि प्रसाद. अर्जुन रथात हातपाय गाळून बसतो तो विषाद. बोलताना मात्र "मी विषण्ण झालोय" म्हणून बघा, समोरचा आधी हसेल. बोलताना आपल्याकडे वेगळीच फौज असते. पोराला पिकनिकला नेलं नाही तर ते हिरमुसतं किंवा खट्टू होतं, मोठ्या माणसाचा चेहरा पडतो, ओरडा खाल्ला की तोंड एवढंसं होतं. उद्विग्नचा इथे संबंध नाही, त्यात चीड आणि तगमग आहे, पण बातम्यांमध्ये उदासच्या जागी सर्रास उद्विग्न घालतात, वजनदार वाटतो म्हणून. मरगळ ही अंगाची आणि मनाची दोन्हीची असते, आणि ती झटकता येते, निदान भाषेत तरी. उदासपण झटकता येत नाही, ते जातं तेव्हा जातं.

आणि करमणं. याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. "करमत नाही" हे मराठीचं अस्सल लेणं आहे आणि ते नव्वद टक्के नकारात किंवा प्रश्नात येतं, "मला इथे छान करमतं" असं म्हणतात पण ते बहुतेक कुणीतरी विचारल्यावरच. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईचा पहिला फोन येतो तेव्हा ती "सुखी आहेस ना" असलं काही विचारत नाही, "करमतं का गं तिथे?" विचारते, आणि मुलगी हो म्हणायला किती वेळ लावते यावरून तिला जे कळायचं ते कळतं. करमणूक याच्यातूनच आलीय. विदर्भात याच जागी गमणं असतं, नागपूरकडचा माणूस पुण्याला नोकरीला आला की घरी फोनवर "मले इथं गमत नाही" म्हणणार, कोल्हापूर-साताऱ्याकडे "करमंना झालंय". उदास आणि करमत नाही यात फरक एवढाच की करमत नाहीला जागा किंवा माणूस लागतं, हे घर, ते होस्टेल, तुझ्याशिवाय. कुणीतरी गेलं आणि त्यामुळे घर खायला उठलं, की करमत नाही. जावयाची केस अगदी हीच होती म्हणून मी उदासच्याही आधी हे सुचवलं.

आता माझ्या कामातली गोष्ट, कारण इथे शब्द चुकला तर नुसतं सासूबाई रागावण्यावर भागत नाही. डिप्रेशन तपासायला एक प्रश्नावली जगभर वापरतात, पीएचक्यू-९ म्हणून, २००१ साली प्रसिद्ध झालेली. ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, आणि प्रत्येकाला ० ते ३ मार्क. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नात इंग्रजीत तीन शब्द सलग आहेत, डाऊन, डिप्रेस्ड, होपलेस. अशा ठिकाणी मराठी करणारा बिचारा उदास, खिन्न, निराश, हताश, उदासीन यातले कुठले तरी तीन उचलून ठेवतो, आणि टेबलावर बसून ते छान दिसतात. म्हणून पद्धत अशी असते की एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्याचं परत इंग्रजी करायचं, आणि मग प्रत्यक्ष लोकांसमोर वाचून विचारायचं की तुम्हाला यातून काय समजलं ते तुमच्या शब्दात सांगा.

हे तिसरं काम सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात डोळे उघडणारं. एका खेड्यात अंगणवाडीच्या पायरीवर बसून अशीच एक यादी वाचत होतो, त्यात कुणीतरी "उदासीन वाटणे" लिहिलेलं होतं. समोरच्या मावशी शेंगा फोडत फोडत ऐकत होत्या, त्यांनी मान हलवली, "नाही बाई, माझं घराकडं लक्ष असतंय, पोरांचं समदं मीच बघते." म्हणजे त्यांना वाटलं आम्ही विचारतोय की तुम्ही घराकडे दुर्लक्ष करता का. उत्तर झालं शून्य. मग तेच बदलून विचारलं की मन कशात लागत नाही, उदास वाटतं असं होतं का, तर हातातली शेंग तशीच राहिली आणि म्हणाल्या, "ते तर कायमचंच झालंय की." तीच बाई, तीच पायरी. निराशचंही तसंच, निराश म्हटलं की लोक विशिष्ट गोष्ट शोधायला लागतात, पीक गेलं तेव्हा झालो होतो, पोरगा नापास झाला तेव्हा, आणि आता नाही म्हणून मोकळे.

आणि खूप जण मनाचं मनाच्या भाषेत सांगतच नाहीत. डोकं जड आहे, हातापायात ताकद नाही, जिवाला बरं नाही, उभारी वाटत नाही, अन्न गोड लागत नाही. यातलं शेवटचं तर मी प्रत्येक भाषांतरकाराला भिंतीवर लिहून ठेवायला सांगते, कारण आवडीच्या गोष्टीतला रस जाणं हे डिप्रेशनच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे, आणि अन्न गोड न लागणं हे नुसतं भुकेबद्दल नसतं. शहरातल्या पोरांची भाषा वेगळी, मूड ऑफ आहे, डाऊन वाटतंय, आणि आजकाल सगळ्यात जास्त "लो वाटतंय". आजीसमोर मात्र जपून, आमच्याकडे कुणीही लो म्हटलं की बीपी लो असंच धरतात, तुम्ही मन मोकळं करायला तोंड उघडताय तोवर हातात लिंबू सरबताचा ग्लास आलेला असतो, मीठ जरा जास्तच घातलेला.

"मी डिप्रेशनमध्ये आहे" हे मात्र उदासच्या जागी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅच हरली, डिप्रेशन आलं, मालिका संपली, डिप्रेशन आलं, असं म्हणून म्हणून त्या शब्दाचा कस गेलाय, आणि खरंच आजारी असलेला माणूस तो वापरतो तेव्हा त्यालाही मॅचच्याच रांगेत बसवतात. उलट बाजूनेही तेच, महिनोन्‌महिने चाललेलं असतं आणि घरचे म्हणत राहतात की जरा उदास आहे, होईल ठीक, कुठेतरी फिरून ये. डॉक्टर साधारण बघतात ते असं की जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, किमान दोन आठवडे मन खाली गेलेलं किंवा कशातच रस नाही, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, अंगात त्राण नाही, स्वतःलाच दोष देणं, मरणाचे विचार, यातलं बरंच काही. मरणाचा विचार आला असेल तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, लगेच कुणाला तरी सांगायचं. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे शुद्ध शब्द शोधत बसू नका, "मला कशातच गोडी वाटत नाही" एवढं म्हटलं तरी पलीकडच्याला कळतं. सरकारी पत्रकात आणि पेपरात डिप्रेशनला नैराश्य लिहितात, ते रूढ झालंय, मीही लिहिते, पण पेशंटशी बोलताना डिप्रेशनच म्हणते, कारण नैराश्य ऐकून माणूस परत पीक गेलं का, निकाल लागला का, तेच शोधायला लागतो.

राहिलं नाम. उदासपणा बिनधास्त वापरा. उदासी हल्ली मराठीत चांगलाच रुळलाय, हिंदी गाण्यांतून आलाय म्हणून नाकं मुरडतात काही जण, मला चालतो, कवितेत तर छानच बसतो. औदासीन्य मात्र उदासीनवरून झालेलं आहे, त्यामुळे तिथे बेफिकिरीच धरायची, "त्याच्या चेहऱ्यावर औदासीन्य पसरलं" हे वाक्य मी दोन्ही अर्थांनी वाचलंय आणि दर वेळी अडखळले आहे. आणि लिहायचंच असेल तर सी दीर्घ, औदासीन्य, उदासीनता. औदासिन्य असं ऱ्हस्व भरपूर छापून येतं, ते चूक आहे.